राज्य कोणाचें, आणि खत कोणाचें ?

आमच्या शहराचें व जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं सरकारी दप्तरांत बदललें आणि अहमदनगरच्या जागीं अहिल्यानगर आलें. त्याविषयीं दोन्ही बाजूंनीं जें बोलावयाचें तें बोलून झालें आहे. तो वाद पुन्हां उकरून काढण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु तो ऐकत असतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आल्यावांचून राहिली नाहीं. ती ही कीं, इतिहासाचा दाखला देतांना दोन्ही पक्ष किल्ल्यापाशींच येऊन थांबत होते. किल्ला कोणीं बांधला, कोणीं लढविला, कोणीं घेतला आणि कोणीं घालविला, एवढा जमाखर्च मांडला म्हणजे नगरच्या इतिहासाचें खातें पुरें झालें, अशी आपल्या शिकलेल्या मंडळींची समजूत दिसते. ज्या कुणब्याच्या बाजरीवर त्या किल्ल्यांतील शिबंदी पोसली गेली, त्याच्या घरीं दर राज्यक्रांतीनंतर काय फरक पडला, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. आम्ही तो आज विचारणार आहों. आणि आमच्या वाचकांत देवघेवीचा धंदा करणारे पुष्कळ असल्यामुळें, त्यांस तो प्रथम थोडा कडू लागला तरी त्यांनीं शेवटपर्यंत वाचावा अशी आमची विनंति आहे.

किल्ल्याची हकीकत थोडक्यांत सांगतों, कारण ती बहुतेकांस पाठ आहे. बहामनी फौजेचा १४९० सालीं पराभव करून मलिक अहमदानें निजामशाही स्थापिली व १४९४ मध्यें सीना नदीच्या कांठीं या शहराचा पाया घातला. त्याचा नातू हुसेन निजामशहा यानें दगडी कोट उठविला. १५९५-९६ सालीं चांदबिबीनें मोंगलांचा वेढा हटविला, पण वऱ्हाड देऊन; १६०० मध्यें घरच्याच लोकांनीं तिचा घात केला आणि किल्ला अकबराच्या हातीं गेला. मलिक अंबरानें पडती निजामशाही १६२६ पर्यंत सांवरून धरली, शहाजीराजांनीं १६३६ पर्यंत. मग मोंगल व विजापूरकर यांनीं ती आपसांत वांटून घेतली. दक्षिण जिंकावयास आलेला औरंगजेब १७०७ सालीं येथेंच, भिंगारच्या छावणींत, मरण पावला. येथवरच्या कथेंत रक्त पुष्कळ सांडलें आहे. यापुढील कथेंत शाई अधिक सांडली, आणि तीच आम्हांस जास्त विचार करण्याजोगी वाटते.

१७५९ सालीं कविजंग नांवाच्या मोंगलाकडील किल्लेदारास वश करून पेशव्यांनीं किल्ला मिळविला. त्यासाठीं त्यांस लढावें लागलें नाहीं, थैली सोडावी लागली. १७९७ सालीं दुसऱ्या बाजीरावास गादीवर बसविण्याच्या कामीं केलेल्या मदतीचा मोबदला म्हणून तोच किल्ला दौलतराव शिंद्यास मिळाला. आणि १७९५ मध्यें याच जिल्ह्यांतील खर्ड्याच्या मैदानावर सगळे मराठे सरदार एका झेंड्याखालीं आणून ज्यानें निजामास नमविण्याची मसलत सिद्धीस नेली, तो नाना फडणीस पुरतीं तीन वर्षें लोटण्याच्या आंत त्याच किल्ल्यांत शिंद्याचा कैदी होऊन पडला. १८०३ च्या आगस्टांत जनरल आर्थर वेल्स्ली यानें ८ तारखेस शिड्या लावून शहराची पेठ घेतली व १२ तारखेस किल्ला घेतला. इंग्रजांच्या या झपाट्याचें कौतुक त्या वेळीं त्यांच्याच छावणींत असलेल्या पेशव्यांच्या सरदारानें, गोखल्यांनीं, केल्याचें प्रसिद्ध आहे. तेच बापू गोखले पुढें १८१८ सालीं त्याच इंग्रजांशीं लढतां लढतां अष्टीस पडले. परक्याच्या झपाट्याचें कौतुक करण्याची संवय आपल्या लोकांस किती महाग पडते याचें हें एक उदाहरण. पण तो विषय आजचा नाहीं. सर्जे-अंजनगांवच्या तहानें शिंद्यानें किल्ल्यावरील हक्क सोडला. १८०४ च्या वांटणीच्या तहांत तो व भोंवतालचा मुलूख पेशव्यांच्या नांवें लागला. १८१७ च्या जूनमध्यें पुण्याच्या तहानें बाजीरावानें तो इंग्रजांस कायमचा लिहून दिला, आणि पुढच्याच वर्षीं पेशवाईच खालसा झाली.

म्हणजे १७५९ पासून १८१७ पर्यंतच्या ५८ वर्षांत या एका किल्ल्याच्या मालकीचा कागद पांच वेळां बदलला, आणि पांचांपैकीं फक्त एकदांच तोफ उडाली. वकिली भाषेंत बोलावयाचें तर ही एक मिळकत पांच वेळां हस्तांतरित झाली. प्रत्येक दस्तऐवजांत देणार होता, घेणार होता, मोबदला होता, पण ज्यांच्या जिवावर ती मिळकत उभी होती त्यांची सही तर राहोच, साक्षही कोठें नव्हती. गांवांचीही तीच कथा. श्रीगोंद्याच्या बाजूचीं शिंद्यांचीं कांहीं गांवें १८१८ नंतरही शिंद्यांकडेच राहिलीं, आणि १८६० नंतरच्या अदलाबदलींत, उत्तरेकडील मुलखाच्या मोबदल्यांत, इंग्रजांकडे आलीं. एके दिवशीं सकाळीं उठून पाटलानें वसुलाचा भरणा निराळ्या कचेरींत करावा, इतकाच काय तो त्या गांवकऱ्यांस राज्यक्रांतीचा अनुभव.

मग रयतेस सर्व राज्यें सारखींच होतीं काय? ‘रामाय स्वस्ति, रावणाय स्वस्ति’ असें म्हणून तिनें स्वस्थ बसावें काय? आमचें म्हणणें तसें मुळींच नाहीं. राज्याराज्यांत फरक होता, आणि तो बराच मोठा होता. पण तो किल्ल्याच्या बुरुजावर कोणतें निशाण आहे यावरून कळत नसे, तर सारा कसा ठरतो व कर्ज कसें वसूल होतें यांवरून कळे. मलिक अंबराचें नांव दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या तोंडीं पिढ्यान् पिढ्या राहिलें तें त्याच्या गनिमी काव्यामुळें नव्हे. त्यानें वसुलाचे मक्ते मोडले, जमिनीची पाहणी करवून पिकाच्या मानानें धारा ठरविला, आणि गांवाचा गांवपणा कायम राखिला, म्हणून. हा हबशी गुलाम म्हणून विकला जाऊन येथवर आला होता, ही गोष्ट जातीचा ताठा मिरविणाऱ्यांनीं विसरूं नये. उलट पक्षीं शेवटच्या बाजीरावानें परगणे मक्त्यानें चढत्या बोलीस विकले. मक्तेदारानें पोटमक्तेदारास, त्यानें पाटलास पिळलें, आणि पाटलानें कोणास पिळलें हें सांगावयास नको. तो बाजीराव आमच्याच धर्माचा व आमचीच भाषा बोलणारा होता म्हणून त्या पिळवणुकीची धार कमी झाली नाहीं. स्वराज्याचा अभिमान धरणाऱ्यांनीं ही गोष्ट उघड कबूल करावी, नाहीं तर परराज्यावर टीका करण्याचा आपला अधिकार लंगडा पडतो.

आतां इंग्रजीकडे वळूं. एल्फिन्स्टननें १८१८ च्या फेब्रुवारींत साताऱ्याहून जाहीरनामा काढून वतनें, इनामें व धर्म यांस अभय दिलें. नगरास पहिला कलेक्टर म्हणून कॅप्टन हेन्री पॉटिंजर आला; हाच गृहस्थ पुढें १८४२ सालीं चीनच्या बादशहाकडून नानकिंगचा तह लिहून घेऊन हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर झाला. त्या वेळचा नगर जिल्हा आजच्यापेक्षां बराच मोठा होता; नाशिक त्यांतून १८६९ मध्यें निराळें निघालें. एल्फिन्स्टन स्वतः विचारी मनुष्य होता. १८१९ च्या आपल्या रिपोर्टांत त्यानें येथील गांवसंस्थेची व पंचायतीची मनापासून तारीफ केली आहे, आणि होतां होईल तों जुनी वहिवाट मोडूं नये असा त्याचा कल होता. परंतु कल ही एक वस्तु आणि यंत्र ही दुसरी. १८२७ सालचे कायदे आले, अदालती आल्या, आणि पंचायत कोणीं न मोडतांच मोडली. कारण ज्यास हुकूमनामा हवा तो पंचांच्या पायऱ्या कशाला चढेल?

येथें जुन्या काळचें कर्ज कसें वसूल होत असे हें सांगितलें पाहिजे, नाहीं तर पुढच्या अनर्थाचें मूळ वाचकांस उमगणार नाहीं. पेशवाईंत सावकार म्हणजे संत होता असें नव्हे. व्याज जबर असे, आणि तगाद्याला मनुष्य कुळाच्या दारीं बसवून त्याचें खाणें कुळाच्याच माथीं मारण्याची चाल होती. परंतु सावकाराचा हात कोठवर पोंचेल यास सीमा होती, व ती सीमा गांव ठरवीत असे. मिरासदाराची जमीन कर्जापायीं सहसा हलत नसे. कूळ देशोधडीस लागलें तर सावकाराचेंही बुडे; म्हणून सावकार दुष्काळांत सूट देई, सुकाळांत वसूल करी, आणि दोघेही एकाच गांवांत म्हातारे होत. सरकार त्या दोघांच्या मध्यें फारसें पडत नसे. पडलेंच तर वसुलाचा हिस्सा मागे, म्हणून सावकारही सरकारांत जाण्यास कांकूं करी.

इंग्रजी राज्यांत दोन गोष्टी एकदम झाल्या. एक, सारा रोख व ठरलेल्या तारखेस मागूं लागले. दुसरी, गोल्डस्मिड व विंगेट यांच्या १८३६ नंतरच्या पाहणीनें शेतकऱ्यास आपला नंबर विकण्याचा व गहाण ठेवण्याचा स्पष्ट हक्क मिळाला. पाहणी चांगली होती. धारा आधींच्यापेक्षां हलका झाला, तीस वर्षांची हमी मिळाली, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या क्षणीं जमीन विकण्याजोगी झाली त्याच क्षणीं ती जप्त करण्याजोगीही झाली. पूर्वीं कुणब्याची पत त्याच्या पिकाइतकी होती. आतां ती जमिनीइतकी झाली. पत वाढली म्हणून कर्ज वाढलें. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी चालली असतां आमच्याकडे कापसाचा भाव चढला, रेल्वेच्या कामांवर मजुरी मिळूं लागली, सावकारानें हात सैल सोडला. लढाई थांबली, भाव बसला, आणि खत मात्र उभें राहिलें.

आणि हें खत वाढत कसें गेलें तें पाहा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आंत फिर्याद केली पाहिजे असें ठरविलें. हेतु कुळाच्या भल्याचा होता. जुनाट खतें उकरून काढून कोणी गरिबास नाडूं नये. घडलें तें उलट. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार कुळास बोलावी आणि म्हणे, ‘फिर्याद करूं, कीं खत बदलून देतोस?’ नव्या खतांत जुन्या व्याजाचें मुद्दल होई. समजा, १०० रुपये दरमहा दरशेंकडा २ रुपये व्याजानें घेतले आणि फेड कांहींच झाली नाहीं. तीन वर्षांनीं नवें खत १७२ रुपयांचें. सहा वर्षांनीं सुमारें २९६ रुपयांचें. नऊ वर्षांनीं सुमारें ५०९ रुपयांचें. आमच्या व्यापारी वाचकांनीं हा हिशेब आपल्या कीर्दीच्या पाठीमागें करून पाहावा. आमच्या धर्मशास्त्रांत दामदुप्पटीचा नियम आहे. व्याज मुद्दलाहून अधिक एका वेळीं घेतां येत नाहीं, आणि मुंबई इलाख्यांतील कोर्टें हा नियम मानीतही होतीं. पण खत बदललें कीं व्याज हेंच मुद्दल झालें; दामदुप्पट कागदावर जशीच्या तशी पाळली गेली आणि कूळ पांचपट देणेकरी झालें. कायद्यानें कायद्याचा असा मुडदा पाडलेला आम्ही आमच्या धंद्यांत फार थोड्या ठिकाणीं पाहिला आहे.

पुढें कोर्ट. समन्स निघे, तें कुळास पोंचे किंवा न पोंचे. पोंचलें तरी पारनेरच्या डोंगरांतला मनुष्य पेरणीचे दिवस टाकून कचेरींत येणार कसा, आणि येऊन काय सांगणार? आंगठा त्याचा होता. मुन्सफाचें काम आंगठा खरा कीं खोटा एवढेंच पाहण्याचें. शंभराचे पांचशें कसे झाले हें विचारण्याची त्यास गरज वाटत नसे. एकतर्फी हुकूमनामा होई, आणि बेलिफ गांवांत येई. नगरच्या किल्ल्यावर वेल्स्लीनें शिडी लाविली ती एकाच वेळीं. कुणब्याच्या घरावर हुकूमनाम्याची शिडी दर वर्षीं लागत होती, आणि ती लावण्यास गोरा सोल्जर लागत नव्हता.

लोक मुकाट्यानें सोशीत होते असें नाहीं. अकोल्याच्या डोंगरांत राघोजी भांगरे यानें १८४४ च्या सुमारास महादेव कोळ्यांचें जें बंड उभारलें, त्यांत सरकाराइतकाच सावकारावरही रोष होता. राघोजीस १८४८ मध्यें ठाण्यास फांशी दिलें. त्याचें बंड दाबलें गेलें, पण त्यानें ज्याकडे बोट दाखविलें होतें तें तसेंच राहिलें. मग १८७४ च्या अखेरीस, शेजारच्या शिरूर तालुक्यांत कर्डे येथें, एका सावकारानें हुकूमनामा बजावून देशमुखाचें राहतें घर पाडविलें. गांवानें सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजीं भीमथडींतील सुप्याच्या बाजारांत ठिणगी पडली, आणि ती नगर जिल्ह्यांत येऊन पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत तालुक्यांत पसरली. दोन्ही जिल्हे मिळून ९५१ लोक पकडले गेले, त्यांपैकीं ५०१ जणांस शिक्षा झाल्या.

या दंग्याचें एक लक्षण असें आहे कीं तें नजरेआड करणाऱ्यास त्याचा अर्थच कळला नाहीं असें आम्ही म्हणूं. जमाव सावकाराच्या दारीं जाई, आणि प्रथम खतें मागे. खतें मिळालीं तर तीं चौकांत जाळून जमाव परत जाई. जीवावरचे हल्ले अगदीं विरळा. जेथें खतें निमूटपणें दिलीं तेथें घरासही सहसा धक्का लागला नाहीं. अक्षरशत्रु म्हणून ज्यास आपण हिणवितों त्या कुणब्यानें आपला खरा वैरी कोण हें आपल्याहून अचूक ओळखलें होतें. त्यास सावकाराचा जीव नको होता, त्याचें सोनें नको होतें. ज्या कागदाच्या जोरावर परक्या सरकारची सारी फौज एका वाण्याच्या पदरीं येऊन उभी राहत होती, तो कागद हवा होता.

आतां व्यापारी मंडळींस दोन शब्द. या दंग्याविषयीं लिहितांना मारवाडी व गुजर सावकारांवर सारें खापर फोडण्याची एक रीत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. सरकारी हप्त्याच्या दिवशीं कुळाजवळ रोकड नसे, तेव्हां ती कोणीं भरली? सावकारानें. त्यानें न भरती तर जमीन सरकारजमा होती. दुष्काळांत बी-बियाणें कोणीं दिलें? त्यानेंच. मधल्या मध्यें तो सरकारचा बिनपगारी तहसीलदार झाला होता, आणि लोकांचे शाप मात्र त्याच्या वांट्यास आले. परंतु यावरून त्याचे हात धुतले जात नाहींत. शंभराचे पांचशें करतांना त्याची लेखणी कोणी धरली नव्हती. आणि आम्हां वकीलवर्गाचें काय? एकतर्फी हुकूमनाम्याची फी पदरांत घेणारे वकीलही याच शहरांत राहत होते. त्यांची नांवें कोणत्याही दंग्याच्या चौकशींत आलीं नाहींत, यांत त्यांचें नशीब होतें, पुण्य नव्हतें.

दंग्यांची चौकशी झाली. मध्यंतरीं १८७६-७७ चा दुष्काळ पडला. त्या दुष्काळाच्या कामांतून धोंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्यें नगरावरून गेली. शेवटीं १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांकरितां शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. या कायद्याचीं कलमें पुष्कळ आहेत, पण त्याचें हृदय एकाच तत्त्वांत आहे: कोर्टानें खताच्या मागें जावें. आंगठा खरा आहे एवढें पाहून भागणार नाहीं. पहिलें कर्ज किती, केव्हां, कशाकरितां दिलें, तेथून हिशेब मांडावा. मुद्दल व व्याज यांचीं खातीं निराळीं ठेवावीं. खत बदलून व्याजाचें मुद्दल केलें असेल तर तें सहसा मानूं नये. कर्जापायीं शेतकऱ्यास कैद नाहीं. गांवोगांव दस्तऐवज नोंदण्याची सोय झाली, तडजोड करणारे पंच नेमले गेले. या कोर्टांवर देखरेख करण्यास खास न्यायाधीश होते. महादेव गोविंद रानडे १८९३ सालीं हायकोर्टाचे न्यायमूर्ति होण्यापूर्वीं हेंच काम करीत गांवोगांवच्या कचेऱ्या तपाशीत हिंडले. खुद्द शेतकऱ्यास कोर्टापुढें आणून, त्याच्या तोंडून हकीकत ऐकून निवाडा करण्याची चाल या कायद्यानें पाडली. पंचायत मोडून पन्नासांवर वर्षें लोटल्यावर सरकारास पंचायतीचा शहाणपणा असा आडवाटेनें आठवला.

कायद्यास पळवाट नाहीं असें होत नाहीं. गहाणखताच्या मागें कोर्ट जातें म्हणतां ना, मग गहाणखत करूंच नका, असा हिशेब कांहीं सावकारांनीं केला. कर्ज देतांनाच जमिनीचें खरेदीखत लिहून घ्यावयाचें, आणि तोंडानें सांगावयाचें कीं ‘पैसे फेडलेस कीं जमीन परत फिरवून देतों.’ कागदावर विक्री, तोंडीं गहाण. कूळ बोलण्यावर विश्वासलें; कोर्ट कागदावर विश्वासलें. पुढें कायदा सुधारून या सोंगाच्या खरेदीच्या आंत पाहण्याचाही अधिकार कोर्टास द्यावा लागला. ही युक्ति वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिच्याशीं आपणांस काम आहे.

किल्ला या काळांत तुरुंग झाला होता. बोअर युद्धांतील कैदी तेथें आणले, १९१४ च्या महायुद्धांत जर्मन आणले. आणि १९४२ च्या आगस्टांत ‘चले जाव’च्या ठरावानंतर नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव प्रभृति काँग्रेसच्या कार्यकारिणीचे पुढारी तेथें कोंडले गेले. नेहरूंनीं १९४४ मध्यें आपला हिंदुस्थानवरील मोठा ग्रंथ त्याच भिंतींच्या आंत लिहिला. हें सर्व नगरकरांस अभिमानास्पद आहे, आणि त्यावर दर वर्षीं व्याख्यानें होतात. ज्या श्रीगोंद्या-पारनेरच्या माणसांनीं १८७५ सालीं खतें जाळून तुरुंग पत्करला, त्यांच्यावर व्याख्यान झालेलें मात्र आमच्या ऐकिवांत नाहीं.

स्वराज्य आलें. मुंबई सरकारचा सावकारीचा कायदा १९४६ सालचा. तो परक्या अमदानीच्या अखेरीस झाला आणि आपल्या राज्यानें पुढें चालविला. या जिल्ह्यानें त्याहून मोठी गोष्ट केली. प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ पासून उभें होतें. त्या पाण्यावर लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्यानें शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि १९५० च्या सुमारास तो चालूं झाला. ज्यास सावकार शंभर रुपयांवर आंगठा मागत होता, तो कुणबी भागीदार म्हणून सभेस बसूं लागला. पाण्याखालच्या गांवांत या योगें बराच फरक पडला. पण पाणी साऱ्या जिल्ह्यांत नाहीं. कर्जत, जामखेड, पारनेर, पाथर्डी येथें पाऊस पूर्वींसारखाच लहरी आहे, आणि जेथें पीक लहरी तेथें कर्जही आहे. सोसायटी थकबाकीदारास दारांत उभा करीत नाहीं, बँक जामीन मागते. मग रात्रीं कोणाच्या तरी ओटीवर जावें लागतें.

महाराष्ट्राचा २०१४ सालचा सावकारी नियमनाचा कायदा याच ओटीकरितां आहे. परवान्यावांचून सावकारी करणें गुन्हा. चक्रवाढ व्याज नाहीं. व्याज मुद्दलापलीकडे जाऊं नये, म्हणजे दामदुप्पट पुन्हां आली. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, सावकारीच्या व्यवहारांतून कोणी शेतकऱ्याची जमीन लिहून घेतली असेल, मग त्या दस्ताचें नांव खरेदीखत कां असेना, तर त्याची चौकशी करून तो दस्त रद्द करण्याचा व जमीन मूळ मालकास परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास दिला आहे. १८७९ च्या कायद्याचें हृदय तें हेंच. १४५ वर्षांहून अधिक काळ लोटला तरी घोडें त्याच ठिकाणीं पेंड खात आहे, कारण युक्तिही तीच आहे. उपनिबंधकाच्या कचेरींत आंगठ्याऐवजीं आतां सही व छायाचित्र असतें, सातबाऱ्यावर फेरफार संगणकानें होतो; पण कागदावर विक्री व तोंडीं गहाण हा जुनाच खेळ आजही चालतो, हें खेड्यांतील देवघेव जाणणाऱ्या कोणाही मनुष्यास आम्ही सांगावयास नको.

आतां ज्या पुण्यश्लोक बाईचें नांव आपण धारण केलें, तिच्याकडे येऊं. अहिल्याबाई होळकर याच जिल्ह्यांतल्या चौंडीच्या पाटलाची मुलगी, जन्म १७२५. महेश्वरास बसून तिनें १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य केलें. तिच्या मृत्यूनंतर एका पिढीच्या आंत माळव्यांत आलेल्या माल्कम साहेबानें लोकांच्या तोंडून तिची हकीकत जमविली, आणि तींत देवळें-घाटांइतकीच दुसरी एक गोष्ट नमूद केली: ती दररोज उघड्या दरबारांत बसून फिर्यादी स्वतः ऐकत असे, आणि निपुत्रिक सावकाराची दौलत सरकारजमा करण्याची संधि चालून आली असतांही तिनें ती विधवेपासून घेतली नाहीं. सावकाराची दौलत राखणारी आणि रयतेची फिर्याद ऐकणारी राज्यकर्ती एकच होती, हें आमच्या व्यापारी वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. तिचें नांव जिल्ह्यास दिलें, तर जिल्ह्याच्या कचेरींत तिची एक वहिवाट तरी चालू असावी, असें म्हणण्याचा नागरिकांस हक्क आहे.

म्हणून आमची मागणी अगदीं साधी आहे. २०१४ च्या कायद्याखालीं जमीन परत मिळण्याकरितां या जिल्ह्यांतून किती अर्ज आले, किती निकालांत निघाले, किती फेटाळले व कां फेटाळले, किती जमिनी प्रत्यक्ष ताब्यांत परत मिळाल्या आणि किती अपिलांत अडकून पडल्या, याची तालुकावार यादी दर तीन महिन्यांनीं प्रत्येक तहसील कचेरीच्या व ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. अर्जदारांचीं नांवें जाहीर करण्याची गरज नाहीं. आंकडे व कारणें पुरेत. नगरच्या वकील मंडळानें प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणीं आठवड्यांतून एक दिवस एक वकील बिनफी बसवावा; अर्ज लिहिणें व जुना हिशेब मांडणें एवढेंच त्याचें काम. आणि परवानेदार सावकारांनीं, ज्यांचा व्यवहार स्वच्छ आहे त्यांनीं, आपल्या वह्या अशा चौकशींत आपण होऊन पुढें ठेवाव्या; बिनपरवान्याच्या धंद्यानें त्यांचीही अब्रू जात आहे. सुरुवात पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या चार तालुक्यांपासून करावी, कारण मागणी पहिल्यानें तेथूनच झाली होती. सरकारानें यादी प्रसिद्ध केली तर ती आम्ही दर तिमाहीस या पत्रांत विनामूल्य छापूं; न केली तर तीन महिन्यांनीं हाच मजकूर पुन्हां छापूं.